कांदा दराचं मॉडेल: आर-स्क्वेअर ०.९६, तरी अंदाज मागच्या आठवड्याच्या भावापलीकडे जात नाही

कांदेपोहे

लासलगावचे रोजचे कांदा दर, जानेवारी २०१७ ते डिसेंबर २०२४. कॉलम: तारीख, जात, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. काम पायथनमध्ये (पांडाज, स्टॅट्समॉडेल्स या लायब्रऱ्या), पडताळणी आर या संख्याशास्त्राच्या भाषेत. पुढच्या आठवड्याचा सरासरी दर सांगायचा आहे. इनपुट चार: मागच्या आठवड्याचा दर, आवक, महिना आणि निर्यातबंदी (०/१).

साध्या रिग्रेशनला (इनपुटांवरून दर सांगणारं सरळ समीकरण) आर-स्क्वेअर ०.९६, म्हणजे दराच्या चढउतारातला ९६ टक्के वाटा त्यात बसतो. ओळी पिसून ८०-२० अशा वाटल्या (८० टक्के ट्रेनिंगला, २० टक्के तपासायला) तरी तेवढाच. पण आलेख काढला की अंदाजाची रेघ खऱ्या भावाच्या रेघेची हुबेहूब नक्कल दिसते, फक्त एक घर उजवीकडे सरकलेली. शिवाय निर्यातबंदीचा कोएफिशियंट (समीकरणातला गुणक) धन आलाय. बंदी आली की भाव चढतो?

चूक डेटात आहे, मॉडेलमध्ये की तपासायच्या पद्धतीत?

(फंक्शनांची नावं देवनागरीत लिहितोय, टंकताना अर्थातच रोमन.)

---

उरलंसुरलं

तिन्हीकडे. पण आधी त्या ०.९६ चं बघू.

भाव दर आठवड्याला थोडाच हलतो, आणि आठ वर्षांत मात्र काहीशेपासून काही हजारांपर्यंत जाऊन येतो. आर-स्क्वेअर मोजतो तो या आठ वर्षांच्या चढउतारातला वाटा. मागच्या आठवड्याचा दर इनपुटात घातला की तो वाटा आपोआप मिळतो, बाकीचे तीन कॉलम काढून टाकलेत तरी आकडा जेमतेम हलेल. करून बघा.

आता जैसे-थे अंदाज घ्या: पुढच्या आठवड्याचा दर = या आठवड्याचा दर. मॉडेल वगैरे काही नाही. त्याच्या निरपेक्ष चुकांची सरासरी काढा, तुमच्या मॉडेलचीही काढा, आणि दुसरीला पहिलीने भागा. भागाकार १ च्या खाली आला तरच मॉडेलने काही कमावलं. हाइंडमन आणि कोलर यांनी २००६ मध्ये मांडलेलं 'मेस' हे माप याच कल्पनेवर आहे. त्यात भाजक ट्रेनिंगच्या भागातला घेतात, म्हणजे वेगवेगळ्या बाजारांची तुलनाही करता येते. मी आधी हा भागाकार बघतो आणि त्यानंतरच आर-स्क्वेअर.

आउटपुट म्हणून दर न घेता दराच्या लॉगमधला बदल घ्या: लॉग(या आठवड्याचा) वजा लॉग(मागचा). आर-स्क्वेअर धाडकन पडेल. पडू द्या. उरेल तो आकडा खरा आहे.

आणखी एक: डर्बिन-वॉटसनचा आकडा (लागोपाठच्या चुका एकमेकींशी जोडलेल्या आहेत का ते सांगतो, २ म्हणजे नाहीत) आर-स्क्वेअरपेक्षा लहान असेल तर ते रिग्रेशन संशयास्पद धरायचं, ही खूण ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांच्या १९७४ च्या कामापासून चालत आलीय. दोन असंबद्ध, भटकणाऱ्या मालिका एकमेकींवर रिग्रेस केल्या की टी-व्हॅल्यू (कोएफिशियंट किती ठाम ते सांगणारे आकडे) झकास येतात. मात्र तुमच्या मॉडेलमध्ये मागचा दर इनपुट म्हणून आहे, त्यामुळे डर्बिन-वॉटसन २ कडे झुकतो आणि सगळं ठीक असल्याचा आभास देतो. तिथे त्याच कामाची ब्रॉइश-गॉडफ्री चाचणी लावा.

---

पाटीपेन्सिल

मॉडेलकडे वळण्याआधी फाइल धुऊन घ्या. बाजारभावाच्या डेटात ठरलेल्या जागी घाण असते.

तारीख. ०३/०४/२०१९ म्हणजे ३ एप्रिल. पांडाजचं टू-डेटटाइम सांगितलं नाही तर महिना आधी धरतं. जुन्या आवृत्त्यांत गंमत अशी की १३/०४ आलं की ते गुपचूप दिवस-आधी वाचायचं, म्हणजे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या १२ तारखा उलट्या आणि पुढच्या सुलट. आवृत्ती २.० पासून ते पहिल्या ओळीवरून फॉरमॅट ठरवतं आणि न जुळल्यास अडतं. दोन्हीवर इलाज एकच: फॉरमॅट स्वतः लिहून द्यायचा. मग प्रत्येक वाराच्या ओळी मोजा. रविवारी भरपूर लिलाव दिसले तर तारखा उलटल्या आहेत.

देवनागरी अंक. तक्ता मराठी कागदावरून उतरवलेला असेल तर '१८००' हा मजकूर म्हणून बसतो. पायथनचं इंट ते बिनतक्रार वाचतं, आरचं ॲज-न्यूमेरिक एनए (रिकामी किंमत) देऊन फक्त एक वॉर्निंग टाकतं आणि ती वॉर्निंग कोणी वाचत नाही. आरमध्ये आधी चार्टर या फंक्शनने दहाही अंक बदलून घ्या.

शून्य. दर ० म्हणजे कांदा फुकट नव्हता, लिलाव बंद होता. शून्यं आधी रिकामी करा, सरासरी नंतर.

एकक. राज्य पणन मंडळाच्या तक्त्यात आवक क्विंटलमध्ये, केंद्राच्या ॲगमार्कनेट संकेतस्थळावर टनांत. दोन्हीकडून तुकडे आणून जोडले तर मधेच आवक दहापट होते. वर्षवार आवकेचा मध्यक काढा, सांधा लगेच दिसतो.

एक शून्य जास्त किंवा कमी. १८०० चं १८००० किंवा १८०. प्रत्येक दराच्या लॉगमधून आजूबाजूच्या ७ ओळींच्या मध्यकाचा लॉग वजा करा. दहापटीची चूक ±२.३ च्या आसपास उभी राहते, कारण १० चा नैसर्गिक लॉग २.३०३. खरी तेजी इतक्या अंतरावर एका दिवसापुरती उडी मारून परत येत नाही. सरसकट 'तीन सिग्मा'च्या (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन) बाहेरचं कापू नका, त्यात २०१९ च्या अखेरची खरी तेजी साफ होईल आणि मॉडेलला ती कधी दिसणारच नाही.

शेवटी किमान ≤ सर्वसाधारण ≤ कमाल हे प्रत्येक ओळीला लावा. मोडणाऱ्या ओळी बाजूच्या फाइलीत काढा, मूळ फाइलीत हात घालू नका.

---

चाळकरी

वरचं सगळं मान्य. पण मला पहिली शंका 'जात' या कॉलमची येते. एकाच तारखेला लाल आणि उन्हाळी अशा दोन ओळी असतात. तुम्ही नुसतं तारखेवर ग्रुपबाय करून मीन घेतला असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात काय होतं? चाळीतला (कांदा साठवायच्या छपरातला) उन्हाळ कांदा संपत आलेला, आवक थोडी, प्रतवारी घसरलेली. नवा लाल ओला, वजनाला जड, आवक रोज वाढती. दोघांना सारखं वजन देऊन केलेली सरासरी हा बाजारात कुणालाच न मिळालेला भाव असतो.

सरासरी आवकेच्या वजनानेच. तीन दिवसांचं उदाहरण:

सोमवार: १८,००० क्विंटल, १,४०० रु.
मंगळवार: २२,००० क्विंटल, १,२०० रु.
बुधवार: २,००० क्विंटल, २,००० रु.

साधी सरासरी १,५३३. आवकेने भारित सरासरी ५,५६,००,००० ÷ ४२,००० = १,३२४. क्विंटलमागे २०९ रुपयांचा फरक, आणि तो एका किरकोळ आवकेच्या दिवसाने पाडलेला.

हंगामही 'महिना' या एका आकड्यात बसवू नका (१ ते १२ असा आकडा तर मुळीच नको, मॉडेल डिसेंबरला जानेवारीच्या बारापट समजेल). खरिपाचा कांदा ऑक्टोबर ते डिसेंबर, रांगडा जानेवारी ते मार्च, रब्बीचा उन्हाळ मार्च ते मे निघतो आणि चाळीतून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पुरतो. हे वळण सलग आहे, ३१ मार्चच्या रात्री तुटत नाही. त्यापेक्षा वर्षाच्या फेऱ्याच्या साइन-कोसाइनच्या दोन जोड्या घ्या, चारच कॉलम. आठवड्यांच्या डेटात वर्षाला ५२.१८ आठवडे धरा.

आणि हो, बारा महिन्यांचे बारा डमी (त्या महिन्याला १, बाकी ०) अधिक इंटरसेप्ट (स्थिर पद) असं हाताने घातलं असेल तर आर एका कोएफिशियंटला एनए देऊन सांगतं. स्टॅट्समॉडेल्स मात्र सगळे आकडे छापून खाली बारीक टीप देतं की मॅट्रिक्स बहुधा सिंग्युलर आहे, म्हणजे एक कॉलम बाकीच्यांतूनच निघतो.

---

कांदेपोहे

सरासरी साधीच होती. दुरुस्त केली. आवकेचा कॉलम त्याच आठवड्याचा होता, हेही आता लक्षात आलं. म्हणजे पुढच्या आठवड्याचा दर सांगायला पुढच्याच आठवड्याची आवक वापरत होतो. मागे सरकवायला शिफ्ट(७) पुरेल का?

---

पाटीपेन्सिल

नाही. शिफ्ट(७) म्हणजे ७ ओळी, ७ दिवस नव्हेत. रविवार नाही, सण नाहीत, अमावस्येला लिलाव बंद असतील तर त्या ओळी नाहीत, दिवाळीत सलग बंद, मार्चअखेरीस हिशेबाची सुट्टी. सात ओळी मागे गेल्यावर तुम्ही कधी आठ दिवस मागे असता, कधी अठरा. आधी सगळ्या तारखांची अखंड यादी बनवा, तिला डेटा जोडा, मग सरकवा. आठवड्यांवर काम करत असाल तर आधी आठवडे पाडा आणि शिफ्ट(१). रिकामे आठवडे पुसू नका, रिकामेच ठेवा, आणि ज्या आठवड्यात लिलावाचे दोनहून कमी दिवस आहेत तोही रिकामा धरा. सुट्टीनंतरच्या पहिल्या भावात सगळ्या बंद दिवसांचा बदल एकदम येतो, म्हणून 'मागच्या लिलावापासूनचे दिवस' हा वेगळा कॉलम ठेवायला हरकत नाही.

रोलिंग सरासरी घेताना आधी शिफ्ट, मग रोलिंग. शिफ्ट राहिलं की आजचाच भाव आजच्या इनपुटात शिरतो.

आरमध्ये पडताळता आहात म्हणून: डीप्लायर पॅकेज लोड केलेलं नसेल तर लॅग (मागची किंमत आणायचं फंक्शन) म्हणजे स्टॅट्स पॅकेजमधला लॅग. तो साध्या व्हेक्टरचे आकडे हलवतच नाही, फक्त वेळेची खूण बदलतो. तुम्ही भावाचं रिग्रेशन त्याच भावावर करता, कोएफिशियंट १, आर-स्क्वेअर १, आणि समरी म्हणते की फिट संशयास्पदरीत्या अचूक आहे. म्हणून नेहमी डीप्लायर-दोन-कोलन-लॅग असं पूर्ण लिहा.

आठवडे पाडतानाही एक फट आहे. ३ ते ८ जून २०२४ (सोम ते शनि) या आठवड्याला पांडाजचं रीसॅम्पल 'डब्ल्यू' ९ जून ही खूण देतं, म्हणजे संपणारा रविवार. आरमधल्या ल्युब्रिडेटचं फ्लोअर-डेट त्याच आठवड्याला २ जून देतं, सुरू होणारा रविवार. एकाने पाडलेला दर आणि दुसऱ्याने पाडलेली आवक तारखेवर जोडलीत तर ९ जूनच्या ओळीत १० ते १५ जूनची आवक येऊन बसते. कसलाही एरर नाही, उलट मॉडेल सुधारल्यासारखं वाटतं!

---

गुगलीबाज

एवढं कशाला, एक्सजीबूस्ट (निर्णयवृक्षांचं मॉडेल) किंवा एलएसटीएम (न्यूरल नेटवर्क) लावा की.

---

उरलंसुरलं

आठ वर्षं म्हणजे सुमारे ४१७ आठवडे. एलएसटीएमला ही शिदोरी फार तोकडी. झाडांवर आधारलेली मॉडेलं ट्रेनिंगमध्ये पाहिलेल्या भावाच्या वर अंदाज देऊ शकत नाहीत, त्यामुळे नवा उच्चांक आला की अंदाजाची रेघ छपराला टेकून आडवी होते. बदलावर (लॉग-फरकावर) लावली तर हा त्रास कमी होतो. लावा जरूर, पण जैसे-थे अंदाजाशी तुलना त्यांनाही चुकत नाही.

---

मध्यक

लॉगचा विषय निघालाय तर परतीचा प्रवास सांगून ठेवतो, तिथेच घसरायला होतं.

लॉगमध्ये अंदाज काढून नुसता एक्स्प (लॉगची उलट क्रिया) घेतलात की मिळतो तो मध्यक, सरासरी नव्हे. चुका लॉगमध्ये साधारण घंटाकृती असतील तर सरासरीसाठी एक्स्प(अंदाज + सिग्मा वर्ग ÷ २). सिग्मा ०.४ असेल तर गुणक एक्स्प(०.०८) = १.०८३, म्हणजे २,००० च्या जागी २,१६६. चुका घंटाकृती नसतील तर डुआनची पद्धत (१९८३): सगळ्या अवशेषांचे (मॉडेलच्या चुकांचे) एक्स्प घेऊन त्यांच्या सरासरीने गुणायचं. शेतकऱ्याला 'निम्म्या वेळा याच्या वर, निम्म्या वेळा खाली' असा भाव सांगायचा असेल तर मध्यकच योग्य, दुरुस्ती नको. महिन्याच्या एकूण उलाढालीची बेरीज करायची असेल तर सरासरी लागते.

कोएफिशियंट वाचतानाही: ०.२५ म्हणजे २५ टक्के नाही, २८.४ टक्के वाढ. उणे ०.२५ म्हणजे २२.१ टक्के घट. ०.०५ पर्यंत कोणी फरक विचारणार नाही.

आणि एकच आकडा सांगू नका. आठवड्याच्या लॉग-बदलाचा सिग्मा ०.१२ धरा (उदाहरणापुरता), आजचा दर २,०००. ८० टक्क्यांचा पट्टा ±१.२८ × ०.१२ = ±०.१५४, म्हणजे १,७१५ ते २,३३२. चार आठवड्यांनंतरचा हवा असेल तर रुंदी √४ पट: १,४७१ ते २,७१९. चाळीत माल ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्याला या दुसऱ्या पट्ट्याची रुंदीच कामाची. आरमध्ये प्रेडिक्टला इंटरव्हल 'प्रेडिक्शन' द्या. 'कॉन्फिडन्स' दिलंत तर तो सरासरी रेघेचा पट्टा असतो, बराच अरुंद, आणि भाव सारखा त्याच्या बाहेर पडतो.

---

आडतबाकी

निर्यातबंदीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून.

बंदी लॉटरी काढून घालत नाहीत. भाव चढले की घालतात. त्यामुळे बंदीचे आठवडे मुळात महाग आठवडे, आणि कोएफिशियंट धन येणारच. छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडतो असं म्हणण्यातला प्रकार आहे.

शिवाय ०/१ अपुरं आहे. तुमच्या काळातले मुख्य टप्पे:

सप्टेंबर २०१९: आधी टनाला ८५० डॉलर किमान निर्यात मूल्य, मग २९ तारखेला बंदी. ती १५ मार्च २०२० ला उठली.
१४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ पासून मोकळीक.
१९ ऑगस्ट २०२३: ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान मूल्य. ८ डिसेंबर २०२३ ला बंदी.
४ मे २०२४: बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं.

४ मे नंतरच्या आठवड्यांना तुमचा ० 'मोकळीक' म्हणतो. ती मोकळीक नव्हती. निदान तीन कॉलम करा: बंदी, किमान मूल्य (डॉलर), शुल्क (टक्के).

परिणाम मोजायचाच असेल तर पातळीवर नको, प्रत्येक घोषणेच्या आधीचे २ आणि नंतरचे २ आठवडे घेऊन लॉग-बदल बघा, आणि त्याच पंचांगातले बंदी नसलेल्या वर्षांचे आठवडे शेजारी ठेवा. डिसेंबरात लाल कांद्याची आवक वाढून भाव तसाही उतरतो, ती उतरण बंदीच्या खात्यावर टाकू नका. इतकं करूनही घटना मोजून तीन. तीन घटनांवर पी-व्हॅल्यू (योगायोगाने असं दिसायची शक्यता) छापू नये, तीन आलेख छापावेत.

अंदाजासाठी वापरताना प्रत्येक आठवड्याच्या ओळीत त्या शनिवारी जाहीर झालेलंच धोरण लिहा. पुढे कळलेलं मागे नेऊ नका.

आवकेचंही तेच. भाव चढला की चाळी उघडतात आणि आवक वाढते, आवक वाढली की भाव उतरतो. दोन्ही दिशा एका कोएफिशियंटमध्ये कालवल्यात. अंदाजापुरती मागच्या आठवड्याची आवक चालेल, पण 'आवक १० टक्के वाढली की भाव इतका पडतो' असं वाक्य त्यातून काढू नका.

---

कांदेपोहे

सगळ्यांचे आभार. बदल केले: भारित सरासरी, लॉग-फरक, साइन-कोसाइन, धोरणाचे तीन कॉलम. ओळी पिसायचं बंद करून टाइम-सिरीज-स्प्लिट (आधीच्या काळावर ट्रेनिंग, पुढच्यावर तपासणी) लावलं. मागच्या आठवड्याचा बदल हा एकच कॉलम ठळक येतोय, कोएफिशियंट साधारण ०.२५, आणि जैसे-थे अंदाजाला मॉडेल थोडं हरवतंय. जिंकलो म्हणायचं का?

---

उरलंसुरलं

थांबा. तो ०.२५ ओळखीचा आहे.

रोजचा भाव पूर्ण यादृच्छिक भटकत असला, उद्याबद्दल त्यात काहीही माहिती नसली, तरी आठवड्याच्या सरासऱ्या घेऊन त्यांचे फरक काढले की लागोपाठच्या फरकांत सहसंबंध तयार होतो. होलब्रुक वर्किंग यांनी १९६० मध्ये हे दाखवलं. आठवड्यात म दिवस असतील तर सहसंबंध (म² − १) ÷ २(२म² + १). सहा लिलावांसाठी ३५ ÷ १४६ = ०.२४. म वाढवत गेलं की ०.२५ ला टेकतो. तुमचा शोध बहुधा सरासरीने पाडलेली सावली आहे.

कारण सोपं आहे: शनिवारचा भाव आठवड्याच्या सरासरीपेक्षा वर असेल तर पुढचा आठवडा तिथूनच सुरू होतो. मॉडेल ही शनिवारची बातमी मागच्या बदलातून अर्धवट हुंगतं. म्हणून जैसे-थे अंदाजात आठवड्याची सरासरी नको, शेवटच्या लिलावाचा दर ठेवा. तो खरा प्रतिस्पर्धी. त्याला हरवलंत तर बोलू.

खात्री करायला आरमध्ये चार ओळी: आर-नॉर्मने ६०,००० यादृच्छिक आकडे, त्यांचा क्युमसम (चढती बेरीज), सहा-सहाच्या स्तंभांचा मॅट्रिक्स करून कॉल-मीन्स, मग डिफ (फरक) आणि एसीएफ (मागच्या किमतींशी सहसंबंधाचा आलेख). पहिल्या लॅगला ०.२४ च्या आसपास कांडी दिसेल आणि पुढे शांतता. सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) मात्र ठरवून घ्या, म्हणजे इथल्या सगळ्यांचे आकडे जुळतील.

टाइम-सिरीज-स्प्लिटचे पाच तुकडे कमी पडतील. पहिले १५६ आठवडे ट्रेनिंग, १५७ व्याचा अंदाज, मग तो आत घेऊन १५८ वा, असं शेवटपर्यंत. २६१ अंदाज मिळतात. मध्यक यांचा ८० टक्क्यांचा पट्टा त्यांतल्या २०९ च्या आसपास वेळा खरा भाव पकडायला हवा. २४० वेळा पकडला तर पट्टा फुगलाय, १७० वेळा तर सिग्मा कमी धरलाय. बहुधा उन्हाळ्यात पट्टा सैल आणि सप्टेंबर ते डिसेंबर घट्ट निघेल, म्हणून मोजणी महिनावार करा आणि गरज पडली तर सिग्मा हंगामाप्रमाणे वेगळा घ्या.

---

चाळकरी

+१. आणि मोजणीत एप्रिल-मे २०२० वेगळे दाखवा. लॉकडाउनमध्ये लिलावच विस्कळीत होते, तिथल्या चुकांवरून मॉडेलला शाबासकी किंवा शिव्या दोन्ही नकोत.

---

कांदेपोहे

शनिवारचा दर जैसे-थे म्हणून ठेवला. भागाकार १.०१. मॉडेल हरलं.

---

उरलंसुरलं

मग मधला अंदाज शनिवारचा दर म्हणूनच छापा, आणि सगळी मेहनत पट्ट्याच्या रुंदीवर घाला. तिथे हंगाम, आवक आणि धोरणाचे कॉलम उपयोगी पडायची शक्यता जास्त. आउटपुट म्हणून लॉग-बदलाची निरपेक्ष किंमत घ्या, इनपुट तेच. धागा याच नावाने पुढे चालू ठेवा.